गळ्यापाशी आलेलं पातं: एका न चाललेल्या सिनेमाचं प्रकरण

१७ डिसेंबर १९९३, शुक्रवार. वॉर्नर ब्रदर्सचे दोन सिनेमे त्या दिवशी अमेरिकेत लागले. एक होता 'द पेलिकन ब्रीफ', जॉन ग्रिशमच्या खपाऊ कादंबरीवरचा, ज्युलिया रॉबर्ट्स आणि डेन्झेल वॉशिंग्टनचा. दुसरा 'रेसलिंग अर्नेस्ट हेमिंग्वे'. फ्लोरिडातले दोन म्हातारे, एक बाग, आणि दोन तासांवर चालणारी गोष्ट, जिच्यात 'मग काय झालं?' असं कुणी विचारलं तर सांगणाऱ्याची पंचाईत व्हावी. पहिल्यानं एकट्या अमेरिकेत १० कोटी डॉलरचा गल्ला केला. दुसऱ्याला ३ लाखसुद्धा जमले नाहीत.

यात नवल ते काय, असं कुणीही म्हणेल. एकीकडे ज्युलिया रॉबर्ट्स, दुसरीकडे दोन थेरडे. पण आठ दिवस पुढे या. २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, याच कंपनीनं 'ग्रम्पी ओल्ड मेन' लावला. त्यातही दोन थेरडेच होते, जॅक लेमन आणि वॉल्टर मॅथाऊ. तो अमेरिकेत ७ कोटी डॉलरवर गेला आणि १९९५मध्ये त्याचा दुसरा भागही निघाला. म्हणजे कंपनी तीच, पंधरवडा तोच, वरवर पाहता विषयही तोच, आणि दोघांच्या गल्ल्यात दोनशेपटींहून जास्त फरक.

म्हणून या प्रकरणात 'म्हाताऱ्यांचे सिनेमे कोण बघतं?' हे उत्तर चालत नाही. लोक बघतात. 'ऑन गोल्डन पाँड' १९८१मध्ये धो धो चालला आणि त्यासाठी हेन्री फोंडाला ७६व्या वर्षी ऑस्कर मिळालं. 'ड्रायव्हिंग मिस डेझी' १९८९च्या डिसेंबरात आधी थोड्या थिएटरांत आला, मग पसरत गेला, १० कोटींच्या पुढे गेला, सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर घेऊन बसला, आणि जेसिका टँडी ८०व्या वर्षी सर्वोत्तम अभिनेत्री ठरली. अमेरिकेत तो वाटणारी कंपनीही वॉर्नर ब्रदर्सच. तेव्हा म्हातारपण कसं विकायचं हे या मंडळींना ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. हाच सिनेमा नेमका का राहिला?

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही फारसा आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आवडला तो दुसऱ्यांदा, आणि त्याला एक कारण घडलं. ते पुढे येईलच.

दोघं जण

फ्रँक आयरिश आहे. आयुष्यभर जहाजांवर काढलं, आता पंचाहत्तरीला टेकलाय. लग्नं एकाहून जास्त झाली, टिकलं एकही नाही. मुलगा आहे, पण लांब आहे. आवाज मोठा, कपडे गबाळे, तोंड सदा सुरू. तरुणपणी आपण अर्नेस्ट हेमिंग्वे या नामांकित अमेरिकी लेखकाशी कुस्ती खेळलो, ही त्याची हुकमी गोष्ट. भेटेल त्याला ऐकवतो. खरी की थाप, सिनेमा ठामपणे सांगत नाही.

वॉल्टर क्यूबाचा. न्हाव्याचा धंदा करून निवृत्त झालेला. लग्न केलेलं नाही. इस्त्रीचे कपडे, जपून टाकलेली पावलं, मोजून बोलणं. रोज एकाच कॉफीशॉपमध्ये जायचं, एकच बेकनचं सँडविच मागवायचं, ते आणून देणाऱ्या एलेन नावाच्या मुलीशी दोन शब्द बोलायचे, आणि मग बागेत बसून शब्दकोडं सोडवायचं. एलेनवर त्याचा जीव आहे. त्याचं पुढे काही व्हावं अशी त्याची मागणी नाही.

फ्रँकचं काम रिचर्ड हॅरिसनं केलंय, वॉल्टरचं रॉबर्ट डुव्हॉलनं. हॅरिसचा जन्म १९३०चा, डुव्हॉलचा १९३१चा. सिनेमा आला तेव्हा दोघंही साठीच्या अलीकडे-पलीकडेच म्हणायचे, म्हणजे आपल्याहून दहा-बारा वर्षांनी मोठं वय ते रंगवत होते. हॅरिस ते अंगानं करतो. पोट सोडतो, केस विस्कटतो, छाती काढून आपण अजून जवान असल्याचं दाखवतो. डुव्हॉल ते वेळेनं करतो. खुर्चीवर बसायच्या आधी तो अर्धा क्षण खुर्चीकडे बघतो. पडायची भीती मनात घर करून बसलेली माणसं असंच बघतात, हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना लगेच ओळखू येईल.

डुव्हॉलचं पडद्यावरचं पहिलं काम १९६२च्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मधलं बू रॅडलीचं, ज्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. अख्खा सिनेमा लोक त्याच्याबद्दल बोलतात आणि तो शेवटी दाराआड उभा असतो. वॉल्टर बघताना मला सारखा तोच आठवतो, तीस वर्षांनी दाराबाहेर आलेला आणि तरीही बेताचंच बोलणारा.

जागा फ्लोरिडा. १९९०च्या जनगणनेत या राज्यातली १८ टक्क्यांहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची होती, देशात सगळ्यांत जास्त. ऊन, समुद्र आणि पेन्शन. लोक तिथे उरलेलं आयुष्य काढायला जातात, म्हणजे मागचं सगळं सोडून जातात. फ्रँकला तिथे ओळखणारं कुणी नाही, आणि वॉल्टरला ओळखतात ते सँडविचवरून.

बाक

त्यांची ओळख बागेत होते. फ्रँक येऊन बसतो आणि बोलायला लागतो. वॉल्टरला शब्दकोडं सोडवायचंय. फ्रँकला ते दिसतं, पण तो त्याची फिकीर करत नाही. मैत्री सुरू होते ती एकाच्या आगाऊपणावर आणि दुसऱ्याच्या सभ्यपणावर. सभ्य माणसाला उठून जाता येत नाही, एवढाच फ्रँकचा सुरुवातीचा फायदा.

इथे सिनेमा फार खरा आहे. १९५०मध्ये लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या समाजमानसशास्त्रज्ञांनी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या एका विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास छापला. कोण कुणाचा मित्र होतो हे पाहायला गेले, तर आवडीनिवडीपेक्षा कुणाचं दार कुणाच्या दाराजवळ आहे आणि कुणाचा जिना कुठून जातो याचाच जोर जास्त निघाला. जाता-येता तोंडं दिसली पाहिजेत, आणि ती ठरवून नव्हेत. शाळेत हे आपोआप होतं, नोकरीत होतं. निवृत्त माणसाच्या आयुष्यातून दार आणि जिना दोन्ही जातात. उरतो बाक.

पण उलट बाजूलाही काही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी साधारण याच सुमारास, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, एक सिद्धान्त मांडायला घेतला होता. पुढे वेळ थोडा उरलाय असं वाटायला लागलं की माणूस नव्या ओळखींच्या मागे लागत नाही, गोतावळा छाटत जातो आणि मोजकी, मनाला जवळची माणसं ठेवतो. म्हणजे म्हातारा माणूस एकलकोंडा होतो असं नाही, तो निवडक होतो. हे वॉल्टरला तंतोतंत लागू पडतं. त्यानं छाटून छाटून एक एलेन आणि एक कोडं ठेवलंय, आणि त्यात तो दुःखी आहे असं म्हणवत नाही. फ्रँकचं मात्र छाटायला काही उरलेलंच नाही. ज्यांना ठेवायचं ते आधीच निघून गेलेत. म्हणून तो कुणाच्याही बाकावर जाऊन बसतो.

निवडक माणूस आणि उपाशी माणूस. 'विजोड मैत्री' म्हणताना आपण आयरिश आणि क्यूबन, गबाळा आणि टापटिपीचा असल्या जोड्या लावतो. माझ्या मते या दोघांमधला खरा विजोडपणा भुकेचा आहे. एकाला फार हवंय, दुसऱ्याला थोडंच. आणि हा प्रश्न सिनेमा शेवटपर्यंत सोडवत नाही. ते भांडतात तेव्हा याच्यावरूनच भांडतात, तोंडानं कारण दुसरं देत असले तरी.

बाकीची माणसं पटकन सांगते. फ्रँकची घरमालकीण हेलन म्हणजे शर्ली मॅक्लेन. दोघांचं खटकेबाज नातं, अधूनमधून फार छान. सिनेमाच्या थिएटरात फ्रँक जिच्या मागे लागतो ती जॉर्जिया म्हणजे पायपर लॉरी. आणि एलेन म्हणजे सँड्रा बुलक, तेव्हा २९ वर्षांची.

दाढी

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो प्रसंग. वॉल्टर फ्रँकची दाढी करतो.

एवढंच. एक निवृत्त न्हावी आपल्या मित्राला नीटनेटकं करतो. सिनेमात याच्याआधी आणि याच्यानंतर बरीच बोलणी आहेत, पण ज्यांना हा सिनेमा आठवतो त्यांना बहुतेक हेच आठवतं.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो प्रसंग मला 'छान, हळुवार' वगैरे वाटला आणि मी पुढे गेले. नंतर काही वर्षांनी माझ्या वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला. रोज सकाळी स्वतः घोटून दाढी करणारा माणूस. गालावर दोन-तीनदा कापून घेतलं, तेव्हा मी म्हटलं, बाबा, मी करते. ते नको म्हणाले. चार दिवसांनी ब्रश आणि वाटी माझ्यापुढे आणून ठेवली, काही न बोलता.

मी बाई माणूस, दाढी कशी करतात हे आयुष्यभर नुसतं पाहिलेलं. करायला गेल्यावर कळलं की म्हाताऱ्या माणसाच्या गालाची कातडी पात्याबरोबर चालायला लागते. ती ताणून धरावी लागते, एक बोट कानशिलापाशी, दुसरं जबड्याखाली. कोमट पाणी दोनदा लावावं लागतं, एकदा फेसाआधी आणि एकदा मनात शंका आली म्हणून. नाकाखाली जायचं तर नाकाचं टोक धरून वर उचलावं लागतं. आपल्या बापाचं नाक असं चिमटीत धरायची माझी ती पहिलीच वेळ. बाबांनी आतून जीभ लावून गाल फुगवला, मला सोपं जावं म्हणून. पन्नास वर्षांची सवय, हात थांबला तरी जीभ आपलं काम विसरली नव्हती. आणि मग गळा. डोकं मागे टाकून, डोळे मिटून, घाटी वर करून बसले. पातं घाटीच्या बाजूनं खाली नेताना मी श्वास धरला होता. त्यांनी धरला नव्हता.

त्यानंतर मी सिनेमा पुन्हा पाहिला.

आता दिसलं ते असं. फ्रँक हा अख्ख्या सिनेमात बोलणारा माणूस. बोलणं हेच त्याचं चिलखत, आणि तेच त्याचं भीक मागणंही. पण हनुवटीवर पातं असताना कुणालाच बोलता येत नाही. या कामात गप्प बसावंच लागतं, तोंड हललं की रक्त. म्हणजे सिनेमात पहिल्यांदा फ्रँकचं तोंड बंद होतं, आणि ज्याला बोलायची सवय नाही तो वॉल्टर सूत्रं हातात घेतो. त्याला शब्द येत नाहीत. हे येतं. पन्नास-साठ वर्षं परक्या माणसांच्या गळ्यापाशी पातं धरलेला हात आहे तो, बागेत कोडं सोडवताना अवघडलेला दिसणारा, इथे जराही न अडखळणारा. डुव्हॉल इथे खुर्चीकडे अर्धा क्षण बघणारा म्हातारा राहत नाही.

आणि स्पर्श. म्हाताऱ्या माणसाला हात कोण लावतं? डॉक्टर लावतो, तपासायला. नर्स लावते, नाडी बघायला. रस्ता ओलांडताना कुणी कोपराला धरतं, ते पडू नये म्हणून. हे सगळे उपयोगाचे हात. दाढी करणारा हातही उपयोगाचाच, म्हणून तो लावून घ्यायला लाज वाटत नाही. दोन पुरुष एकमेकांना मिठी मारतील तर ओशाळतील. इथे एकजण दुसऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून बसलाय, आणि त्याला नाव 'दाढी' असल्यामुळे दोघांचीही अडचण होत नाही.

हा प्रसंग एका बाईनं दिग्दर्शित केलाय. रँडा हेन्स. तिचे आधीचे दोन सिनेमे शेजारी ठेवले की या प्रकरणात आणखी काहीतरी उलगडतं. १९८६चा 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड': बहिरी तरुणी आणि तिचा शिक्षक, बोलणं हातांनी. त्यासाठी मार्ली मॅटलिनला २१व्या वर्षी ऑस्कर मिळालं, सिनेमाला सर्वोत्तम चित्रपटाचं नामांकन मिळालं, हेन्सला दिग्दर्शनाचं मिळालं नाही. मग १९९१चा 'द डॉक्टर': रुग्णांना तुटकपणे हाताळणारा एक सर्जन स्वतः आजारी पडतो आणि दुसऱ्यांच्या हाती जातो. आजार कुठला, तर घशाचा कर्करोग. आधी बोलणारे हात, मग दुसऱ्याच्या हाती दिलेला घसा, आणि १९९३मध्ये न्हाव्याच्या हाती दिलेला गळा. हे तिनं ठरवून केलं असेल असं माझं म्हणणं नाही. पण तीन सिनेमे ओळीनं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, आपलं अंग दुसऱ्याच्या ताब्यात द्यावं लागणं, आणि ते देता येणं. तिन्हींना संगीत मायकल कॉन्व्हर्टिनोचं आहे, तेही असल्या जागी मागे सरकतं.

मग चाललं का नाही

'ग्रम्पी ओल्ड मेन' एका श्वासात सांगता येतो. मिनेसोटाच्या बर्फात दोन शेजारी म्हातारे वर्षानुवर्षं एकमेकांवर दात धरून आहेत, आणि समोर एक देखणी बाई राहायला येते. झालं. पोस्टर तयार, जाहिरात तयार, दोघांच्या खोड्यांचे तुकडे कापून ट्रेलर तयार. मी या सिनेमाला नावं ठेवत नाहीये. लेमन आणि मॅथाऊ १९६०च्या दशकापासून एकत्र काम करत होते, प्रेक्षक त्यांना भेटायला जात होते आणि त्यांना हवं ते मिळत होतं. शिवाय ती जुनी ओळख आहे. त्यातले दोघं पोरवयापासूनचे भिडू. भांडण काय, मैत्री काय, भांडवल आधीचंच.

'रेसलिंग' मात्र सत्तरी उलटल्यावर शून्यापासून सुरू होणाऱ्या ओळखीबद्दल आहे. तिला जुना हिशेब नाही, शर्यत नाही, मध्ये बाई असली तरी तिच्यावरून चुरस नाही. ट्रेलर कापायचा तर काय कापणार? दाढी? तीन मिनिटांची दाढी दहा सेकंदांची केली की ती कुठल्याही साबणाची जाहिरात दिसते. तिचा जीव ती न संपण्यात आहे.

नावाचं तर विचारूच नका. हे नाव ऐकून कुणालाही वाटेल की हेमिंग्वेच्या आयुष्यावर काहीतरी असणार. मराठी वाचक 'एका कोळियाने'ची, म्हणजे पु. ल. देशपांड्यांनी केलेल्या त्याच्या कादंबरीच्या अनुवादाची, आठवण काढत बसेल. हेमिंग्वे सिनेमात येतच नाही. ज्यांना हेमिंग्वे हवा होता ते फसले, ज्यांना नको होता ते फिरकले नाहीत.

तारखेचाही वाटा आहे. ऑस्करच्या शर्यतीत उतरायचं तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्ष संपायच्या आत लॉस एंजेलिसमध्ये निदान सात दिवस सिनेमा चाललेला असावा लागे. म्हणून गंभीर सिनेमांची डिसेंबरात झुंबड. 'मिस डेझी'ला जमलं तेच इथे जमेल असा कंपनीचा होरा असावा, हा माझा तर्क. पण १९८९चा डिसेंबर वेगळा आणि १९९३चा वेगळा. या वेळी १५ तारखेला 'शिंडलर्स लिस्ट' लागला, २२ला 'फिलाडेल्फिया'. सर्वोत्तम अभिनेत्याची पाच नावं जाहीर झाली तेव्हा त्यांत टॉम हँक्स होता, लिअम नीसन होता, अँथनी हॉपकिन्स, डॅनिएल डे-लुइस आणि लॉरेन्स फिशबर्न होते. डुव्हॉल नव्हता, हॅरिसही नव्हता. सिनेमाला एकही नामांकन मिळालं नाही. मोजक्या थिएटरांत लावलेल्या सिनेमाला पसरायला नामांकनाचाच टेकू असतो. तो निघाला की संपलं.

आणि थोडं नशीब. सँड्रा बुलकचा 'स्पीड' जून १९९४मध्ये आला आणि ती घराघरांत पोचली. सहाच महिन्यांचा फरक. 'स्पीड' आधी आला असता तर बेकनचं सँडविच आणून देणारी ती मुलगी पोस्टरच्या मधोमध उभी केली असती यात मला शंका नाही. त्यानं सिनेमा चालला असता का, ते सोडा. निदान लोकांना माहीत तरी झाला असता.

दोष

कंपनीवर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं आहे. सिनेमातही दोष आहेत, आणि लपवावेत असे नाहीत.

मधला भाग रेंगाळतो. वीस मिनिटं कमी केली असती तर काही बिघडलं नसतं. हॅरिस काही जागी इतका मोठ्यानं अभिनय करतो की शेजारचा डुव्हॉल त्याच्यापासून वाचवायला लागतो. अर्थात फ्रँक हा माणूसच जास्तीचा आहे, पण जास्तीचा माणूस आणि जास्तीचा अभिनय यांत फरक असतो आणि हॅरिसला तो दर वेळी सापडत नाही. डुव्हॉलचे क्यूबन हेल तेव्हाही काहींना खटकले होते. सॅन डिएगोत जन्मलेल्या नटानं क्यूबन न्हावी का करावा, हा प्रश्न आज अधिक जोरानं विचारला जाईल, आणि तो विचारायला हवा. मला ते हेल सहन होतात कारण तो हातांनी जास्त बोलतो. ही माझी पळवाट आहे, मान्य.

तिन्ही बायका चांगल्या नट्या आहेत आणि तिघींना पुरेसं काम नाही. जॉर्जियाचं विशेष वाईट वाटतं. तिला फ्रँकचा आगाऊपणा सोसण्यापुरतंच ठेवलंय.

पटकथा स्टीव्ह कॉनरॅडची. सिनेमा आला तेव्हा तो जेमतेम पंचविशीत होता. पुढे २००६चा 'द परसूट ऑफ हॅपिनेस' यानंच लिहिला. पंचविशीतल्या मुलानं पंचाहत्तरीवर लिहिलेलं कळतं ते एका गोष्टीत. म्हातारे आपल्या एकटेपणाबद्दल जरा जास्तच नीट बोलतात. खरे म्हातारे गुडघ्याबद्दल बोलतात, पाण्याच्या वेळेबद्दल बोलतात, आणि एकटेपणा त्यातून ऐकणाऱ्यानं काढायचा असतो. पण मग तोच मुलगा दाढीचा प्रसंग लिहितो आणि बोलणं बाजूला ठेवतो. त्याला हे कुठून सुचलं कोण जाणे.

कुस्ती

नावाबद्दल वर वाकडं बोलले, ते अर्धंच खरं आहे.

हेमिंग्वे १९३०च्या दशकात फ्लोरिडाच्या टोकाला, की वेस्टला राहत होता. नंतर वीसेक वर्षं क्यूबात. मुष्टियुद्धाचा शौकीन, अंगाची रग जिरवायची आणि मग फुशारकी मारायची, दोन्हींची आवड. त्यामुळे कुठल्याशा बंदरात एखाद्या आयरिश खलाशाशी त्याची धरपकड झाली असेल तर त्यात अशक्य काही नाही. फ्रँकची थाप निदान योग्य पत्त्यावरची आहे. आणि गंमत म्हणजे ती थाप तो ऐकवतो एका क्यूबन माणसाला. हेमिंग्वे आवडीनं ज्या देशात जाऊन राहिला, तिथून निघून हा इथे आलाय. सिनेमा याच्यावर बोट ठेवत नाही. ठेवायला हवं होतं असंही नाही.

पण तिसऱ्यांदा पाहताना माझं लक्ष गेलं ते 'कुस्ती' या शब्दाकडे. इतकी वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. वादळं पाहिली असतील, बंदरं पाहिली असतील. त्यातून तो मिरवायला काय निवडतो? हेमिंग्वेला भेटलो असं तो सांगत नाही. त्याच्याबरोबर दारू प्यायलो असंही नाही. कुस्ती खेळलो. अंगाला अंग लागलं, त्यानं मला धरलं, मी त्याला धरलं. फ्रँकच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट, खरी असो वा खोटी, ही एका पुरुषानं दुसऱ्याला घट्ट धरल्याची आहे. आणि ती सांगत सांगत तो येऊन पोचतो वॉल्टरच्या खुर्चीत, मान मागे टाकून.

सिनेमाला बुडवणारं ते नाव बरोबर होतं. फक्त सिनेमा पाहिल्यावरच कळेल असं होतं, आणि नाव हे पाहायच्या आधी वाचायचं असतं.

शेवट सांगत नाही. दोघांपैकी एक जातो, एवढं कुणीही ओळखेल.

बाबांना मी तेवढाच प्रसंग लॅपटॉपवर दाखवला होता. इंग्रजी त्यांना जेमतेम कळायचं, पण इथे कळायला इंग्रजी लागत नाही, असं मीच त्यांना बजावून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. संपल्यावर म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा. पण न्हावी इतका गप्प कसा? न्हावी गप्प बसला की गिऱ्हाइकाला धास्ती वाटते."

मी म्हटलं, "तुमची दाढी करताना मीही गप्पच असते की."

"म्हणून तर," बाबा म्हणाले.